काळाचा माग काढणारा शाळामास्तर

१८८० साली रेवदंड्याहून बदली होऊन शंकर बाळकृष्ण दीक्षित नावाचे एक शाळामास्तर ठाण्यास आले. वय सव्विशीचे, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. महाविद्यालयाचा किंवा वेधशाळेचा संबंध नाही. ठाण्यातील त्यांचे वास्तव्य जेमतेम अडीच वर्षांचे झाले. पण याच गृहस्थांनी पुढे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहून भारतीयांनी काळ कसा मोजला याचा सलग इतिहास मराठीत उभा केला. माणसाला काळ कळतो तो घड्याळाने, पंचांगाने की स्वत:च्या डोळ्यांनी आणि शरीराने, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या कामाच्या मुळाशी होता. त्या काळच्या ठाण्यात तर हा प्रश्न रोजच्या व्यवहारातच उभा राहत असे.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मधला, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली होती. एकवीस मैलांचे ते अंतर तिने तासाभरात, म्हणजे जुन्या हिशेबाने अडीच घटकांत, तोडले. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, गाडी कल्याणला पोहोचली. दीक्षित आणि रेल्वे अशी दोघे बरोबरीने वाढली असे म्हणता येईल. गावोगावच्या माणसांची काळाची जाणीव रेल्वेने किती बदलून टाकली, हे दीक्षितांच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले.

मुरूडला प्राथमिक शिक्षण झाल्यावर दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले. शिक्षकाची सनद आणि १८७४ साली मॅट्रिकची परीक्षा एवढ्या शिदोरीवर ते रेवदंड्याच्या मराठी शाळेत रुजू झाले. हा कोकणकिनारा ज्योतिषाच्या अभ्यासकाला परका नव्हे. याच किनाऱ्यावर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगाव येथे, सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ होऊन गेले. त्यांनी शके १४४२ मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून महाराष्ट्रातील पंचांगे साडेतीनशे वर्षे तयार होत आली होती. मोठाली गणिते सोपी करून देणारा हा ग्रंथ जोशांच्या घरोघरी असे. मात्र इतक्या वर्षांत आकाशातील ग्रह आणि ग्रंथातील ग्रह यांच्यात तफावत पडत गेली होती. ती डोळ्यांना दिसत होती; पंचांगात मात्र उतरत नव्हती.

एक गाव, दोन घड्याळे

दीक्षित ठाण्यास आले तेव्हा गावात दोन घड्याळे नांदत होती. एक सूर्याचे. लग्नमुंजीचा मुहूर्त, पूजेची वेळ, तिथीचा हिशेब हे सारे सूर्योदयापासून मोजलेल्या घटकापळांवर चाले. पाण्यावर तरंगत ठेवलेले, बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र भरून बुडाले की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. घटका भरली हा मराठीतला वाक्प्रचार इथूनच आला. दुसरे घड्याळ स्थानकावरचे. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. मद्रास पूर्वेला असल्याने तेथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी उगवतो. त्यामुळे स्थानकावरचे घड्याळ ठाण्याच्या सूर्यापेक्षा तेवढे पुढे असे. ज्याने गावच्या वेळेने घर सोडले, त्याची गाडी चुकलीच म्हणून समजावे.

हा पेच मुंबईत तर उघड भांडणापर्यंत गेला. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ पाळण्याचा हुकूम काढला. आपल्या डोक्यावर बारा वाजता सूर्य येतो तीच खरी वेळ, अशी मुंबईकरांची भावना असल्याने विरोध झाला आणि १८८३ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. वेळ ही नुसती सोयीची बाब असती, तर पाऊणशे वर्षे कोणी तिच्यासाठी अडून बसले नसते.

पंचांगाचा वाद

घड्याळांचा फरक अर्ध्या तासाचा होता. पंचांगाचा वाद मात्र दिवसांचा आणि महिन्यांचा होता, आणि दीक्षित ठाण्यात असताना तो महाराष्ट्रात चांगलाच रंगला होता. एका बाजूला ग्रहलाघवावरून चालणारी परंपरागत पंचांगे होती. दुसऱ्या बाजूला केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे सुरू केलेले पटवर्धनी पंचांग होते. तिसरा पक्ष विसाजी रघुनाथ लेले यांचा, म्हणजे सायनवाद्यांचा. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित या तिघांच्या प्रयत्नातून १८८० च्या दशकात सायन पंचांग निघू लागले.

वादाचे मूळ समजायला अवघड नाही. वर्ष दोन रीतींनी मोजता येते. सूर्य एखाद्या ताऱ्यापाशी पुन्हा आला की वर्ष पुरे झाले असे मानणे ही निरयन रीत. वसंतात दिवस-रात्र समान होण्याच्या बिंदूवर, म्हणजे वसंतसंपातावर, सूर्य पुन्हा आला की वर्ष पुरे झाले असे मानणे ही सायन रीत. हा संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतो. त्यामुळे दोन्ही वर्षांच्या लांबीत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. ऊन, पाऊस, थंडी ही चालतात सायन वर्षाने. आपले सण चालतात निरयन वर्षाने.

याचा पुरावा ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या कोणत्याही उंच गच्चीवरून आजही पाहता येतो. थंडीच्या दिवसांत पूर्वेकडच्या डोंगररांगेवर सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकत उगवतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास तो थबकतो आणि मग उत्तरेकडे परततो. उत्तरायण म्हणतात ते हेच. पण उत्तरायणाचा मानला गेलेला सण, मकरसंक्रांत, येतो १४ किंवा १५ जानेवारीला. तोवर सूर्याला परतून तीन आठवडे उलटलेले असतात. डोळे एक सांगतात आणि पंचांग दुसरे. पंचांगाने ऋतूंशी इमान राखले पाहिजे, हे सायनवाद्यांचे म्हणणे होते, आणि दीक्षित त्यांच्या बाजूने उभे राहिले. हा पक्ष तेव्हा लोकप्रिय नव्हता. सण बदलणे म्हणजे वाडवडिलांचा धर्म बदलणे असेच बहुतेकांना वाटे. दीक्षितांनी त्यावर निवडलेला मार्ग चढ्या आवाजाचा नव्हता. प्राचीनांनी स्वत: काय केले होते ते ग्रंथांतूनच शोधून काढायचे, असे त्यांनी ठरवले.

इंद्रियांच्या पलीकडचा काळ

या शोधात त्यांच्यापुढे प्राचीन गणितींचा एक मार्मिक विचार होता. सूर्यसिद्धांताने मोजता येणाऱ्या काळाचे मूर्त आणि अमूर्त असे दोन भाग केले आहेत. मूर्त काळ प्राणापासून सुरू होतो. प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. आजच्या मापाने चार सेकंद. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक अहोरात्र. या हिशेबाने दिवसाचे २१,६०० श्वास होतात. दीर्घ अक्षर उच्चारण्यास लागणारा वेळ हेही एक माप होते. अशी दहा अक्षरे म्हणजे एक प्राण. काळाचे एकक माणसाच्या छातीतून आणि जिभेवरून घेतलेले होते. त्याहून सूक्ष्म, त्रुटीपासून सुरू होणारा काळ अमूर्त. तो गणितात असतो, अनुभवात नसतो.

आजचे शरीरशास्त्र या विभागणीच्या बरेच जवळ येते. रंगासाठी डोळा आणि नादासाठी कान आहे, तसे काळासाठी स्वतंत्र इंद्रिय नाही. दिवस-रात्रीची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचा एक छोटा पुंजका डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशाच्या आधारे राखतो. सेकंद-मिनिटांचा अंदाज मेंदूचे इतर भाग मिळून करतात आणि त्यात लक्ष, भीती, कंटाळा, स्मृती यांची भेसळ होते. म्हणूनच उशिरा येणाऱ्या लोकलची दहा मिनिटे फलाटावर सरता सरत नाहीत, आणि तेवढीच दहा मिनिटे गप्पांत कधी गेली ते कळत नाही. सूर्याचा आधार काढून घेतला तर हा अंदाज पारच कोलमडतो. फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र १९६२ साली घड्याळाविना दोन महिने एका गुहेत राहिले. १४ सप्टेंबरला ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या मोजणीने तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस त्यांच्या हिशेबातून हरवले होते.

अतिशीघ्र काळ इंद्रियांना कळत नाही, हे सूर्यसिद्धांताने सांगितले. अतिमंद काळही कळत नाही, हे दीक्षितांच्या कामातून लक्षात येते. संपातबिंदू वर्षाला सुमारे पन्नास विकला, म्हणजे ७१-७२ वर्षांत एक अंश, सरकतो. पूर्ण फेरीला सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात. दीक्षितांना आयुष्य लाभले अवघे ४४ वर्षांचे. तेवढ्या काळात हा बिंदू आकाशात चंद्रबिंबाच्या रुंदीहून जरासाच अधिक सरकला असेल. एकाही माणसाला जन्मभर आकाश पाहून तो सहज जाणवणार नाही. तो जाणवायचा तर एका पिढीने नोंद करावी लागते आणि अनेक शतकांनंतरच्या पिढीने ती वाचावी लागते. मंद काळापुरते समाजाचे इंद्रिय म्हणजे त्याचा लिखित इतिहास. पंचांगाच्या वादातून सुरुवात केलेले दीक्षित इतिहासाकडे वळले, त्यामागचे कारण इथे सापडते.

बार्शी, धुळे आणि पुणे

१८८२ मध्ये दीक्षितांची ठाण्याहून बार्शीच्या इंग्रजी शाळेत बदली झाली. त्याच वर्षी त्यांचे ‘सृष्टचमत्कार’ हे पुस्तक आले. बार्शीत सात वर्षे, मग धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात पाच वर्षे, आणि १८९४ पासून अखेरपर्यंत पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, असा त्यांचा नोकरीचा प्रवास. मोठे ग्रंथालय हाताशी नसलेल्या गावांत राहून, शाळेचे तास सांभाळून त्यांनी जुन्या पोथ्या जमवल्या, पडताळल्या आणि त्यांतील गणिते पुन्हा करून पाहिली.

त्यांच्या गणिताची कीर्ती पहिल्यांदा पसरली ती शिलालेखांमुळे. गुप्त राजांच्या लेखांचा संपादक जे. एफ. फ्लीट यास लेखांतील तिथी-वारांचा इसवी सनाशी मेळ घालणारा गणिती हवा होता. एरण येथील बुधगुप्ताच्या लेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार एवढी नोंद आहे. दीक्षितांच्या गणिताने तो दिवस २१ जून ४८४ ठरला. दगडावर कोरलेल्या एका गुरुवाराने गुप्तकाळाचा आरंभ निश्चित करण्यास बळकटी दिली. फ्लीटचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला आणि त्यात दीक्षितांची गणितपद्धती आदराने समाविष्ट झाली. पुढे मद्रासकडील सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल याच्यासह त्यांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ तयार केला. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या भारतीय तारखांचे रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. १८९६ मध्ये तो लंडनहून प्रसिद्ध झाला.

त्यांचे सर्वांत गाजलेले अनुमान कृत्तिकांविषयीचे आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचा उल्लेख शतपथ ब्राह्मणात येतो. आज मात्र कृत्तिकांचा पुंजका आपल्याकडे पूर्वबिंदूच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतो. तो नेमका पूर्वेला कधी उगवत असेल? संपातचलनाचा हिशेब उलटा लावून दीक्षितांनी उत्तर काढले: इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे. हे विधान प्रत्यक्ष पाहून केलेले की आधीच्या पिढ्यांकडून आलेली आठवण, यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्या ग्रंथाचा काळ अनेकजण पुष्कळ अलीकडचा मानतात. पण दीक्षितांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. कोणीतरी पहाटे उभे राहून क्षितिजाकडे पाहिले, जे दिसले ते सांगून ठेवले, आणि हजारो वर्षांनी एका शाळामास्तराने त्या पाहण्यावरून काळाचे अंतर मोजले. जी गती कोणाही एकाच्या डोळ्यांना दिसत नाही, ती दोन पाहणाऱ्यांच्या मधल्या अंतरातून दिसू लागली.

दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने सुरू झालेले इतिहासलेखन वाढत वाढत ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या विस्तृत ग्रंथात परिणत झाले आणि तोही १८९६ मध्येच प्रकाशित झाला. वैदिक काळ, वेदांगकाळ आणि सिद्धांतकाळ अशी मांडणी करून त्यांनी प्रत्येक ज्योतिषाचा काळ, ग्रंथ आणि गणित तपासले. भारतीयांनी सगळेच बाहेरून घेतले, हा एक टोकाचा पक्ष आणि सगळेच येथे उपजले, हा दुसरा. या दोहोंत न वाहवता पुराव्याच्या वजनाप्रमाणे निर्णय देण्याची त्यांची वृत्ती ग्रंथात सर्वत्र दिसते. विद्वानांसाठी हा ग्रंथ लिहिणाऱ्या दीक्षितांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ हे रसाळ पुस्तकही लिहिले. रात्रीची दोन घटका मौज असे त्याचे दुसरे नाव. अठ्ठेचाळीस मिनिटे अंगणात बसून वर पाहावे, एवढीच त्यांची वाचकाकडे मागणी होती. आकाश पाहण्याची सवय मोडली तर पंचांग नुसती छापील पोथी होईल, हे त्यांनी ओळखले होते.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दीक्षितांना फार दिवस मिळाले नाहीत. एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची पंचेचाळिशीही पुरी झाली नव्हती.

न संपलेला हिशेब

दीक्षितांचे काम त्यांच्यामागे देशपातळीवर पोहोचले. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवशी, अमलात आली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या लगतच्या दिवसापासून सुरू होते आणि त्याची लांबी सायन आहे. दीक्षित ज्या तत्त्वासाठी झगडले ते सरकारी कागदावर तरी मान्य झाले. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर भारतीय हवामान खात्याने दोन भागांत, १९६९ आणि १९८१ मध्ये, प्रकाशित केले. मूळ मराठी ग्रंथाची अशी दखल सरकारी शास्त्रीय खात्याने घ्यावी, हा मोठाच मान.

लोकव्यवहार मात्र जुन्याच वाटेने चालला आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा; ती तारीख १२ जानेवारी होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दीडशे-एकशे साठ वर्षांत दोन-तीन दिवसांची सरक झाली आणि तिळगूळ वाटणाऱ्या कोणालाही ती जाणवली नाही. आजोबांना, वडिलांना आणि मुलाला प्रत्येकाला आपल्या लहानपणीची संक्रांतच खरी वाटते. तिघांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या तरच फरक दिसतो. हा वेग असाच राहिला तर सुमारे दोन हजार वर्षांत सण आणखी एका महिन्याने पुढे जातील आणि संक्रांतीचा थंडीशी असलेला संबंध सुटत जाईल.

डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते, आणि तिचे अनुकरण ठाणे-कल्याणसह राज्यभर झाले. पहाटे फडके रोडवर नटूनथटून येणाऱ्या तरुणांच्या लेखी तो दिवस नव्या वर्षाचा आणि वसंताचा असतो. चैत्र कोणता, हे ठरते ते मात्र दीक्षितांच्या काळी ज्यावर वाद झाला त्याच निरयन गणिताने. आज ते दोन्ही एकमेकांच्या बरेच जवळ आहेत, म्हणून कोणाला खटकत नाही. ते किती काळ जवळ राहतील, याचे उत्तर कोणत्याही एका पिढीच्या डोळ्यांना मिळणार नाही. ते नोंदी ठेवणाऱ्यांना आणि त्या वाचणाऱ्यांना मिळेल. ठाण्याच्या मराठी शाळेत कधीकाळी मुलांना शिकवणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्या कामी आपले अपुरे आयुष्य वेचले.